जुन्या ज्यूकबॉक्सची घरच्या घरी दुरुस्ती

ज्यूकबॉक्स बाहेरून एक यंत्र दिसत असला तरी आत चार यंत्रे असतात. पहिले नाणे मोजून गाण्याची परवानगी देते, दुसरे दाबलेल्या बटणांची आठवण ठेवून ठरलेली रेकॉर्ड शोधते, तिसरे ती रेकॉर्ड उचलून वाजवते आणि परत जागेवर ठेवते, तर चौथे म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. बंद पडलेल्या ज्यूकबॉक्समध्ये ही चारही एकदम बिघडलेली क्वचितच असतात. त्यामुळे पहिले काम खोल-फिट करण्याचे नसून, दोष या चौघांपैकी कोणाकडे आहे ते ओळखण्याचे आहे.

नाणे टाकून गाणे ऐकवणारे यंत्र १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅले रॉयल सलूनमध्ये लुई ग्लास यांनी पहिल्यांदा लावले. आज हौशी लोकांच्या हाती येणारी यंत्रे बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरची असतात आणि वुर्लिट्झर, सीबर्ग, रॉक-ओला व एएमआय या चार अमेरिकी नावांपैकी एखादे त्यांवर आढळते. वुर्लिट्झरचे १०१५ हे मॉडेल १९४६ चे; त्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या २४ रेकॉर्ड बसतात. सीबर्गने १९४८ मध्ये शंभर गाण्यांची सोय असलेले यंत्र आणले. १९४९ साली आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी सीबर्गने त्या रेकॉर्डसाठी एम-१००-बी काढला. महाराष्ट्रात ज्यूकबॉक्स मुख्यतः मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतून ऐकला गेला. कुलाब्याचे कॅफे माँडेगार तर त्यासाठीही ओळखले जाते. बरीच हॉटेले बंद झाली, यंत्रे भंगारात किंवा गोदामात गेली, आणि तिथून हौशी लोकांच्या घरी.

अशा यंत्राची दुरुस्ती बारामती-इंदापूर भागात करणाऱ्याला एक मोठी सोय आहे. पियाजिओ, भारत फोर्ज यांसारख्या कारखान्यांमुळे बारामती एमआयडीसीत लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, पावडर कोटिंग आणि मोटर रिवाइंडिंगची छोटी वर्कशॉप आहेत. इंदापूरकरांना लोणी देवकरची एमआयडीसी जवळ पडते. ज्यूकबॉक्सचे जे भाग परदेशातून मागवण्याच्या खटाटोपात लोक महिने घालवतात, त्यांतले बरेचसे टर्नर एका दुपारी करून देऊ शकतो. मात्र कोणते भाग इथे करता येतात आणि कोणत्यांना हातही लावू नये, हा फरक माहीत हवा.

यंत्र घरी आल्यावर प्लग लावून पाहण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे बंद असलेल्या ॲम्प्लिफायरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कोरडे पडलेले असतात, तारांवरचे रबर तुटत असते, आणि गोदामात उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असू शकते. पहिल्या दोन मिनिटांत जळणारा ट्रान्सफॉर्मर हा या छंदातला सगळ्यांत महागडा आणि सगळ्यांत टाळता येण्याजोगा अपघात आहे. आधी रेकॉर्ड काढून ठेवाव्यात, मागचे दार उघडून प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घ्यावेत, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधावी. धूळ मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढावी. कॉम्प्रेसरची हवा मारली तर ती धूळ स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये आणि मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते. गळीत हंगामात या भागात उडणारी काजळी अधिक त्रासदायक. ती तेलकट पृष्ठभागावर चिकटून बसते आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास पसरते.

यानंतर मागची नेमप्लेट वाचावी. तिच्यावर बहुधा ११७ व्होल्ट, ६० सायकल असे लिहिलेले असते. भारतातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. व्होल्टेजचा फरक सगळ्यांच्या लक्षात येतो. सायकलचा येत नाही, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. जर्मनीत बनलेली किंवा निर्यातीसाठी तयार केलेली यंत्रे ५० सायकलची असू शकतात, म्हणून अंदाजावर न जाता प्लेट पाहावी.

व्होल्टेजसाठी एक हजार व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो. तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा, म्हणजे आयसोलेशन पद्धतीचा असावा. ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतो, पण त्यात फेज-न्यूट्रल उलटे झाले की यंत्राच्या आतला भाग थेट मेनशी जोडलेला राहतो. वाइंडरकडून ट्रान्सफॉर्मर करवून घेताना ११७ बरोबर ११० आणि १०५ व्होल्टचे टॅपही काढून घ्यावेत. ६० सायकलसाठी बनवलेला यंत्रातला ट्रान्सफॉर्मर ५० सायकलवर जास्त तापतो. अर्ध्या तासाने त्याच्यावर हात टिकत नसेल, तर खालच्या टॅपवर यावे. रात्री लाइनचे व्होल्टेज चढते अशा ठिकाणी आधी स्टॅबिलायझर लावणे चांगले.

मूळची दोन तारांची केबल काढून तीन तारांची घालावी आणि यंत्राच्या धातूच्या चासिसला अर्थिंग पक्के करावे. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी हवीच. पण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला बसलेला झटका या आरसीसीबीला कळत नाही. त्यामुळे आत हात घालायचा तो प्लग काढूनच.

आता सायकलचा प्रश्न. ज्यूकबॉक्सची मोटर मेनच्या सायकलनुसार फिरते. ६० ऐवजी ५० सायकल मिळाल्यावर तिचा वेग एक षष्ठांशाने घटतो आणि ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड साडेसदतीस फेऱ्यांनी फिरू लागते. तीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटे छत्तीस सेकंदांचे होते, आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरतो: काळी चारमधले गाणे पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येते. अनेकजण यावर मोटर कमजोर झाली असा निष्कर्ष काढून ती रिवाइंडिंगला देतात. मोटर ठणठणीत असते.

उपाय लेथवर आहे. मोटरचा शाफ्ट रबरी चाकाला आणि ते चाक टर्नटेबलच्या कडेला फिरवत असेल, तर वेग ठरतो तो शाफ्टच्या व्यासावर. मधल्या रबरी चाकाचा व्यास कितीही असला तरी फरक पडत नाही. म्हणून शाफ्टचा जो भाग रबराला टेकतो त्याचा व्यास १.२ पट करायचा: ४.०० मिलिमीटर असेल तर ४.८० मिलिमीटर. यासाठी पितळेचा पातळ बुश टर्न करून शाफ्टवर घट्ट बसवतात. शाफ्टचा व्यास व्हर्निअरने न घेता मायक्रोमीटरने घ्यावा. एवढ्या लहान मापात दशांश मिलिमीटरची चूक म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त वेग. बुश बसल्यावर डायल लावून रनआउट पाहावा, तो ०.०२ मिलिमीटरच्या आत असावा, नाहीतर लांबवलेला सूर हेलकावे खातो. एका नगासाठी मशीन सेट करणे वर्कशॉपला परवडत नाही हे लक्षात घेऊन मापांसह कागदावर रेखाटन न्यावे आणि एकदम तीन बुश करून घ्यावेत, उदाहरणार्थ ४.७५, ४.८० आणि ४.८५. त्यांतला एक बरोबर बसतोच.

टर्नटेबल पट्ट्यावर फिरत असेल तर हेच गणित मोटरच्या पुलीला लागू होते. गिअरने फिरत असेल तर व्यास बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे ६० हर्ट्झची शुद्ध साइन वेव्ह देणारा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर घ्यावा लागतो. एमआयडीसीत हा विषय काढला की कोणीतरी व्हीएफडी लावण्याचा सल्ला हमखास देतो. तो ऐकू नये. कारखान्यातला व्हीएफडी तीन फेजच्या मोटरसाठी असतो. त्याच्या आउटपुटवर ज्यूकबॉक्सची छोटी सिंगल फेज मोटर तापते आणि ॲम्प्लिफायर तर कायमचा जाऊ शकतो.

वेग तपासण्यासाठी स्ट्रोबचा कागदी तबकडा वापरतात. ५० सायकलच्या उजेडात ४५ फेऱ्यांसाठी १३३ रेघा, ७८ साठी ७७ आणि ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. अमेरिकेतून आलेल्या तबकड्यावर ४५ साठी १६० रेघा असतात. तो इथे चुकीचा वेग बरोबर दाखवतो. बहुतेक एलईडी दिव्यांत रेघा नीट स्थिर दिसत नाहीत. चोकची जुनी ट्यूबलाइट किंवा निऑनचा इंडिकेटर दिवा वापरावा.

वीज मार्गी लागली की यांत्रिक भागाकडे वळावे, आणि तेही प्लग काढलेलाच ठेवून. मोटर हाताने फिरवत एक पूर्ण फेरा पाहावा: रेकॉर्ड उचलली जाते, टर्नटेबलवर बसते, टोनआर्म आत येतो, शेवटच्या खाचेपर्यंत पोहोचतो, ट्रिप होतो, रेकॉर्ड परत जाते. कुठे जड लागते, कुठे अडते, ते लिहून ठेवावे. बंद यंत्रांतल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ एकच असते, ते म्हणजे सुकलेले ग्रीस. पन्नास-साठ वर्षांत ते लाखेसारखे घट्ट होते. त्यावर नवे तेल सोडणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. यंत्र आठवडाभर चालते आणि पुन्हा अडते. जुने ग्रीस रॉकेल किंवा व्हाइट पेट्रोलने, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळ ज्योत नसताना, पूर्ण काढावे. मग फिरणाऱ्या पिनांना शिलाई मशीनचे तेल एक-एक थेंब आणि सरकणाऱ्या कॅमना लिथियम ग्रीसचा पातळ लेप. क्लच, रबरी चाके, पट्टे आणि कॉन्टॅक्ट यांच्या वाट्याला तेल जाऊ देऊ नये.

मोटरच्या बेअरिंगभोवती नमद्याची चकती असते. ती साफ करून तेलात भिजवावी. मोटर ज्या रबरी बुशांवर टांगलेली असते ती कडक झाली की स्पीकरमधून घरघर ऐकू येते. ही बुश आणि मधले रबरी चाक स्थानिक रबर मोल्डिंगवाल्याकडून करून घेता येते. चाकाचा घेर मात्र ग्राइंडिंगनेच अचूक करावा, टूल लावल्यास रबर फाटते.

लक्षणांवरून दोष ओळखण्याची सवय लवकर लागते. रेकॉर्ड शोधणारी गाडी न थांबता मागेपुढे फिरत राहिली, तर निवडलेल्या जागेची पिन अडकलेली आहे किंवा ती ढकलणाऱ्या सोलेनॉइडला वीज पोचत नाही. गाणे संपूनही टोनआर्म शेवटच्या खाचेत घुटमळत राहिला, तर ट्रिप स्विच मळलेला आहे. रेकॉर्ड अर्धवट उचलून यंत्र थांबले तर पुन्हा ग्रीस. सुरुवातीला बरोबर चालून वीस मिनिटांनी वेग मंदावला तर मोटरचे बेअरिंग कोरडे आहे.

कॉन्टॅक्ट साफ करताना पॉलिश पेपर आणि कानस दूर ठेवावी. अनेक कॉन्टॅक्टवर चांदीचा मुलामा असतो. तो एकदा घासला गेला की महिन्याभरात तक्रार परत येते. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून बंद कॉन्टॅक्टमधून ओढावी, ती पांढरी निघेपर्यंत. सोलेनॉइडची कॉइल जळली असेल तर फेकू नये. रिवाइंडिंगवाल्याला ती द्यावी, उलगडताना फेरे मोजायला सांगावे आणि तारेचे गेज लिहून घ्यावे. शेजारच्या चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजून ठेवल्यास नव्या कॉइलशी पडताळता येतो. एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळावा: सीबर्गच्या १९५५ नंतरच्या यंत्रांत टॉरमॅट नावाचे चुंबकीय कड्यांचे स्मृतियंत्र असते. त्याला मल्टिमीटर ओहमवर ठेवून कधीही लावू नये. मीटरचा करंटच त्या कड्यांना बिघडवतो.

मझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव भाग काही यंत्रांत फुगून तडकलेले दिसतात. हा रोग धातूतच असतो, वेल्डिंगने किंवा ॲराल्डाइटने तो बरा होत नाही. अशा भागाची मापे तो पूर्ण तुटण्याआधी घ्यावीत आणि ॲल्युमिनियममध्ये मिलिंग करून घ्यावा.

ॲम्प्लिफायर हा धोक्याचा भाग. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहू शकतात. २.२ किलोओहम, दहा वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरला इन्सुलेशन असलेल्या क्लिपा जोडून त्याद्वारे प्रत्येक मोठा कपॅसिटर रिकामा करावा आणि मीटरने शून्य पाहिल्यावरच हात लावावा. इलेक्ट्रॉनिक्सचा अजिबात सराव नसेल तर चासिस काढून रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे न्यावी. यात कमीपणा नाही.

सराव असणाऱ्याने सगळे इलेक्ट्रोलिटिक आणि मेणकागदाचे कपॅसिटर बदलावेत, चालू दिसले तरी. मेणकागदी कपॅसिटरच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर बसतात. हे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कपॅसिटर सर्वांत आधी बदलावा. तो गळू लागला की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जातो. सेलेनियमचा रेक्टिफायर दिसल्यास तो काढून सिलिकॉन ब्रिज घालावा, पण सिलिकॉन ब्रिजमध्ये व्होल्टेजची घट कमी होत असल्याने पुढचे व्होल्टेज वाढते, म्हणून रेझिस्टर घालून ते मूळ आकड्यावर आणावे. व्हॉल्व्ह मात्र उगाच बदलू नयेत, ते बहुतेक वेळा निर्दोष असतात.

पहिल्यांदा वीज देताना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला शंभर वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्बवर निर्धास्त झाल्यावर डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवावे. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर चालू करू नये. फ्यूज मूळ आकड्याचाच हवा.

सुई आणि कार्ट्रिज यांत काटकसर करू नये. ७८ च्या रेकॉर्डची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. ४५ च्या रेकॉर्डला १८ ते २५ मायक्रॉनची. अदलाबदल केल्यास बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि जाड सुई बारीक खाच उखडते. कार्ट्रिज घरी दुरुस्त होत नाही. ते बाहेरूनच मागवावे लागते.

रेकॉर्डबाबत दोन गोष्टी. अमेरिकी ज्यूकबॉक्सला ४५ च्या रेकॉर्डचे मोठे, ३८ मिलिमीटरचे भोक लागते. घरातल्या जुन्या हिंदी-मराठी ईपींपैकी कित्येकांचे भोक साध्या रेकॉर्ड प्लेअरचे, म्हणजे सात मिलिमीटरच्या आसपासचे असते. त्या या यंत्रात बसत नाहीत, आणि दुर्मीळ ईपीला कंपासने भोक पाडणे हा शुद्ध अत्याचार आहे. दुसरी गोष्ट धुण्याची. ७८ च्या जुन्या रेकॉर्ड लाखेपासून बनतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्या पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवून पुसाव्यात. अल्कोहोल फक्त व्हायनिलपुरते.

नाण्याची यंत्रणा घरात बिनकामाची. तिच्यातला चुंबक लोखंडी चकत्या पकडण्यासाठी असतो, त्यामुळे आपली स्टेनलेस स्टीलची एक-दोन रुपयांची नाणीही त्याला चिकटून बसतात. नाण्याच्या स्विचला समांतर एक साधे पुशबटण जोडून ते कॅबिनेटच्या मागे लपवले की काम भागते; मूळ यंत्रणा न कापता तशीच ठेवता येते.

कॅबिनेटचे काम शेवटी. वाळवी लागलेला प्लाय बदलावा, सुटलेले व्हिनिअर फेव्हिकॉल आणि क्लॅम्पने बसवावे, क्रोमवर ब्रासो हलक्या हाताने. रंगीत प्लास्टिकला थिनर लावू नये. बुडबुड्यांच्या नळ्या उघडण्याचा किंवा भोक पाडून भरण्याचा प्रयत्न करू नये, आतला द्रव श्वासाला घातक असू शकतो. आतल्या ट्यूबलाइटचे चोक ५० सायकलवर तापतात. ते काढून एलईडी पट्ट्या लावल्यास प्लास्टिकही कमी पिवळे पडते.

दुरुस्ती झालेले यंत्र पंधरवड्यातून एकदा तासभर वाजवावे, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. काढलेले सगळे मूळ भाग, बुशची मापे, कॉइलचे फेरे आणि तारेचे गेज लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या तळाशी ठेवावा. पुढच्या दुरुस्तीला तो सर्किट डायग्रामइतकाच लागतो.